चष्म्यावरचे चरे

तुमच्यापैकी कित्येकांना चष्मा असेल. तो काढा आणि दिव्यासमोर तिरपा धरून पाहा. बारीक बारीक चरे दिसले ना? आपण तर काच सदऱ्याच्या मऊ टोकानेच पुसतो. मग हे चरे पाडले कोणी?

कापडाने नव्हे, तर कापड आणि काच यांच्यामध्ये सापडलेल्या धुळीने! धुळीत गारगोटीचे कण असतात. मोस यांच्या काठिण्यश्रेणीत गारगोटीचे काठिण्य ७, तर साध्या काचेचे साडेपाचच्या आसपास. शिवाय आज आपण जिला चष्म्याची काच म्हणतो ती बहुधा प्लॅस्टिकची असते. काचेहून खूपच मऊ. म्हणून तिच्यावर कठीण लेप देतात, पण तो अवघा काही मायक्रॉन जाडीचा.

चऱ्याच्या ओबडधोबड कडांवर प्रकाश वाटेल तसा विखुरतो. चरा डोळ्याच्या अगदी जवळ असल्याने त्याची स्पष्ट प्रतिमा दृष्टिपटलावर पडत नाही, त्यामुळे दिवसा तो फारसा जाणवत नाही. रात्री मात्र समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याभोवती प्रकाश फाकतो आणि रस्त्याच्या कडेचा सायकलवाला दिसेनासा होतो.

आता एक प्रयोग. टाकून दिलेल्या चष्म्याच्या चऱ्यावर खोबरेल तेलाचा थेंब पसरा. चरा जवळजवळ नाहीसा होईल! तेलाचा वक्रीभवनांक सुमारे १.४५, तर सीआर-३९ या चष्म्यांच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा १.५०. दोन्ही इतके जवळ, की तेलातून प्लॅस्टिकमध्ये शिरताना किरण फारसा वळत नाही. हेच पाण्याने (१.३३) करून पाहा; चरा पुसट होईल, पण तेलाइतका नाही. पुसून काढलेत की चरा पुन्हा हजर, कारण खाच बुजलेली नसतेच.

काही जण टूथपेस्टने काच घासायला सांगतात. मुळीच ऐकू नका! दात घासण्यासाठी तिच्यात घातलेली पूड लेप खरवडते आणि एका चऱ्याऐवजी असंख्य सूक्ष्म चरे पाडते. ऐन बाहुलीसमोर खोल चरा असेल, तर काच बदलणे हाच उपाय. चौकट तीच चालते, तेवढाच खर्च कमी.

काच कोरडी पुसू नका. आधी नळाच्या धारेखाली धूळ वाहून जाऊ द्या, मग साबणाच्या थेंबाने हलकेच धुऊन स्वच्छ सुती कापडाने टिपा. पाणी मात्र गरम नको. उष्णतेने प्लॅस्टिक आणि लेप कमीअधिक प्रसरण पावतात व लेपाला तडे जातात.