दऱ्यांचा दर्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी वीस वर्षांची व्याख्यानांची टिपणे नव्या संगणकावर उघडली, तो काय! पडद्यावर रोमन अक्षरांची नुसती भेळ. सुदैवाने भाचा फराळाला आलेला. तो पुण्याला संगणकाचे प्रोग्राम लिहितो.

"मामा, आतली अक्षरे इंग्रजीच आहेत. जुना फॉन्ट त्यांवर मराठीचे मुखवटे चढवत होता. तो गेला, मुखवटे उतरले."

उपाय एकच, सारे युनिकोडमध्ये आणायचे. पण आडवी आली आपली पहिली वेलांटी! जुन्या फॉन्टात ती दिसते तशी अक्षराच्या आधी टंकलेली. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी मागून. 'स्थिती' आली की तिने सबंध जोडाक्षरावरून उडी मारायची. भाच्याने शोधाशोध केली. हीच अडचण पूर्वी कोणी विचारलेली, आणि कुणा परक्याने ओळन्ओळ उत्तर लिहिलेले!

"त्याला काय मिळाले?"

"लोकांना उत्तर आवडले तर गुण. पैसा नाही."

या जागेचे नाव स्टॅक ओव्हरफ्लो. जेफ अ‍ॅटवुड व जोएल स्पॉल्स्की यांनी ती २००८ साली सुरू केली. विचारून झालेला प्रश्न पुन्हा विचारला तर तेथे कानउघाडणीही होते (मला आमच्या तोंडी परीक्षा आठवल्या). पण उत्तर चव्हाट्यावर राहते. लिहिणाऱ्याचे नाव सांगून कोणीही वापरावे.

"मग तूही तेथेच विचारतोस ना?"

भाचा ओशाळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून तो यंत्रालाच विचारतो. ते रागावत नाही, थांबवत नाही. इतरांचेही तेच, त्यानंतर तेथले नवे प्रश्न झपाट्याने घटले. वास्तविक ही यंत्रे शिकली ती असल्याच खुल्या लिखाणावर. आता प्रश्नोत्तर दोघांतच राहते. त्याच खड्ड्यात पडणाऱ्या पुढच्याला ते सापडावे कसे? मला हे मुळीच रुचले नाही, आणि तसे मी बोललोही.

रात्री टिपणे मराठीत उमटली. वाचतो तर सह्याद्रीच्या 'दऱ्यां'चा 'दर्या' झालेला! डोंगरातून एकदम समुद्रात! मराठीच्या या 'ऱ्या'ची त्या परक्याला काय कल्पना? तेथे साधा र नव्हे, नुक्त्याचा 'ऱ' लागतो. भाच्याने तेवढा नियम वाढवला आणि जांभई दिली.

"आता हे तेथे लिही."

"मामा, उद्या."

"आत्ता! उदाहरणे मी सांगतो. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर..."

बिचाऱ्याने लिहिले. सकाळी चकलीचा तुकडा मोडता मोडता त्याने पडदा माझ्यापुढे धरला. कुणा अनोळखी माणसाने एक गुण दिला होता.