दोन जपानी खेळमाला



इस्लापूरसारख्या गांवींहि आज मुलांच्या हातीं मोबाइल आला आहे, आणि ‘पोर दिवसभर खेळांत डोकें घालून बसतें’ ही तक्रार घरोघर ऐकूं येते. पण पोर कोणता खेळ खेळतें, हें मात्र आपण क्वचितच विचारतों. कांहीं खेळ केवळ बोटांच्या चपळाईचे असतात, तर कांहींत एखाद्या कादंबरीएवढी कथा असते. या दुसऱ्या प्रकारच्या दोन जपानी खेळमालांची तुलना आज करावयाची आहे. एकीचें नांव ‘ड्रॅगन क्वेस्ट’, दुसरीचें ‘फायनल फॅन्टसी’. दोहोंचेहि जुने भाग आतां मोबाइलवर मिळतात.

या खेळांत खेळणारा कथेंतील एका वीराची भूमिका घेतो. तो गांवोगांव हिंडतो, भेटेल त्याशीं बोलतो, वाटेंत राक्षसांशीं लढतो, आणि प्रत्येक लढाईनें त्याचें बळ थोडें थोडें वाढत जातें. १९८१ सालचे ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ हे अमेरिकन खेळ या प्रकारचे प्रसिद्ध नमुने होत. परंतु नवख्यास ते दुर्बोध वाटत. युजी होरी या जपानी गृहस्थांनीं त्यांतील सार घेऊन सोपा खेळ रचला, आणि एनिक्स कंपनीनें २७ मे १९८६ रोजीं तो ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या नांवानें प्रसिद्ध केला. चित्रें अकिरा तोरियामा यांनीं काढलीं, संगीत कोइची सुगियामा यांनीं दिलें. हा सारा खेळ अवघ्या ६४ किलोबाइटांत बसविला होता. आज मोबाइलवर काढलेलें साधें छायाचित्रहि त्याच्या कितीतरी पट मोठें असतें. पुढच्याच वर्षीं, १८ डिसेंबर १९८७ रोजीं, स्क्वेअर कंपनीनें हिरोनोबु साकागुची यांची ‘फायनल फॅन्टसी’ बाजारांत आणली. तिचे चित्रकार योशिताका आमानो आणि संगीतकार नोबुओ उएमात्सु.

दोघींच्या स्वभावांतील फरक पराभवाच्या वेळीं प्रथम दिसतो. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्यें वीर लढाईंत पडला, तर तो राजापुढें पुन्हां जिवंत होतो. जवळचें अर्धें धन जातें, पण मिळविलेला अनुभव तसाच राहतो. म्हणजे हरलेल्याचे श्रमहि फुकट जात नाहींत. धीर धरील तो शेवटास पोहोंचेल, अशी ही योजना आहे. पहिल्या फायनल फॅन्टसींत मात्र चौघेहि वीर पडले कीं खेळ संपला. मागें जेथें नोंद करून ठेविली असेल तेथून पुन्हां आरंभ करावयाचा. मधलें सर्व गेलें. एक चुकलेल्यास सांभाळून घेते, दुसरी त्यास सावधपणा शिकविते.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. माहूरच्या रेणुकेच्या मुलखांत राहणाऱ्या आपणांस गोंधळ परिचित आहे. देवतांचें आवाहन, मग आख्यान, शेवटीं आरती, हा क्रम ठरलेला असतो, आणि तो तसाच असावा अशीच ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. तमाशांत गण-गवळण नेमाची, पण वग नवा हवा. ड्रॅगन क्वेस्टची रीत गोंधळाची. प्रत्येक मुख्य भागाच्या आरंभीं तीच सुरावट वाजते. थेंबाच्या आकाराचा तोच निळा ‘स्लाइम’ वाट अडवितो. आणि २०१७ सालच्या अकराव्या भागांतहि पाळीपाळीनें लढण्याची जुनी पद्धत टिकून आहे. फायनल फॅन्टसी दर भागांत नवें जग व नवीं पात्रें उभीं करते. चोकोबो नांवाचा पक्षी, सिड नांवाचें एखादें पात्र, अशा थोड्या खुणा तेवढ्या कायम. १९९१ सालच्या चौथ्या भागांत लढाईच्या वेळीं काळ वाहूं लागला, आणि २०२३ सालच्या सोळाव्यांत पाळी उरलीच नाहीं.

दोन्ही मार्गांस किंमत मोजावी लागली. तिसरा ड्रॅगन क्वेस्ट १० फेब्रुवारी १९८८ रोजीं निघाला, तेव्हां जपानांत दुकानांपुढें रांगा लागल्या आणि शाळा बुडवून मुलें त्यांत उभीं राहिलीं. अमेरिकेंत मात्र पहिला भाग १९८९ मध्यें गेला तो जुनाट वाटला, व पुढें एका मासिकाच्या वर्गणीदारांस तो फुकट वाटण्यांत आला. फायनल फॅन्टसीच्या १९९७ सालच्या सातव्या भागाच्या जगभर एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. त्यांत एरिथ ही नायकाची सोबतीण मध्येंच मारली जाते आणि कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. त्या प्रसंगानें पुष्कळांचे डोळे ओले केले. पण नावीन्याच्या याच हौसेनें २००१ सालीं काढलेला चित्रपट साफ कोसळला आणि कंपनीस जबर तोटा झाला. पुढें साकागुचींनीं कंपनी सोडली. १ एप्रिल २००३ रोजीं दोन्ही प्रतिस्पर्धी कंपन्या एक झाल्या. खेळमाला मात्र आपापल्या वाटेनेंच चालत राहिल्या.

मग जुनें जपणारी माला साचली, असें समजावें काय? १९९२ सालचा पांचवा ड्रॅगन क्वेस्ट पाहा. सांचा तोच, पण नायक आरंभीं लहान मूल आहे. त्याच्या डोळ्यांदेखत बाप मारला जातो, त्याचीं कित्येक वर्षें गुलामगिरींत जातात, पुढें लग्न होतें, मुलें होतात. ज्या दिव्य वीराच्या शोधांत तो आयुष्यभर हिंडतो, तो शेवटीं त्याचा स्वतःचा मुलगा निघतो. राजपुत्र आणि राक्षस यांच्या ठराविक कथेंत बापपणाची गोष्ट सांगण्यास जागा होती, ती होरींना दिसली.

सुगियामा २०२१ मध्यें वारले, तोरियामा २०२४ मध्यें. त्या तिघांपैकीं आज होरी एकटे आहेत. मूळचे हात गेल्यावर रीत टिकते काय, ही त्या मालेची खरी कसोटी आतां आहे. आपल्याकडील प्रत्येक गोंधळ्याच्या घरींहि हाच प्रश्न आहे. फायनल फॅन्टसीनें ती कसोटी पूर्वींच दिली, कारण बदल हीच तिची रीत होती.

तेव्हां घरांतील मूल पडद्यापुढें बसलें असेल, तर त्याला एकदां शेजारीं बसून विचारावें, ‘वीर आतां कोठवर आला?’ उत्तर मिळालें, तर त्या खेळांत कथा आहे असें समजावें, आणि ती पुरती ऐकून घ्यावी.