करंजी का फुटते?

दिवाळी जवळ आली की अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांतून भाजलेल्या खोबऱ्याचा वास दरवळू लागतो. शेजारच्या घरून फराळाचे झाकलेले ताट तुमच्याही घरी येत असेल. त्या ताटात चकली, शंकरपाळे यांच्याबरोबर अर्धचंद्राच्या आकाराची करंजी असते. तुमच्या घरी तिला कदाचित गुजिया म्हणत असतील.

करंजी खायला सोपी, पण करायला अवघड! एक करंजी जरी कढईत फुटली, तरी तिच्यातील सारण तेलात पसरते आणि जळते. मग पुढच्या करंज्यांना काळे डाग पडतात व त्या कडवट लागतात. दिवसभराची मेहनत आणि महाग तेल-तूप वाया जाते. म्हणूनच करंज्या करताना घरातील मोठी माणसे फार काळजी घेतात. या काळजीमागे विज्ञान आहे.

पाव किलो मैदा व अर्धी वाटी बारीक रवा घ्या. त्यात चिमूटभर मीठ आणि चार चमचे कडकडीत गरम तूप घाला. याला 'मोहन' म्हणतात. तूप पिठाला नीट चोळा. पिठाची मूठ वळली, तर मोहन पुरेसे झाले असे समजा. मैद्याला पाणी लागले की त्यात चिवट धागे तयार होतात. तुपाचा थर पिठाच्या कणांना पाण्यापासून दूर ठेवतो. त्यामुळे चिवटपणा कमी होतो व करंजी खुसखुशीत होते. मोहन कमी पडले, तर करंजी कडक होते. फार जास्त झाले, तर ती तेलात विरघळू लागते.

आता थोडे थोडे दूध घालून पीठ घट्ट भिजवा आणि अर्धा तास ओल्या कापडाखाली झाकून ठेवा. तोपर्यंत सारण करा. किसलेले सुके खोबरे मंद आचेवर भाजा. ते थंड झाल्यावर त्यात पिठीसाखर, भाजलेली खसखस, चारोळी व वेलचीपूड मिसळा. सारण ओलसर राहिले, तर तळताना त्यातील पाण्याची वाफ होते. वाफेला पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते. ती बाहेर पडायला वाट शोधते आणि करंजी फोडते!

पिठाची लहान पुरी लाटा. तिच्या अर्ध्या भागावर एक चमचा सारण ठेवा. जास्त भरू नका. कडेला दुधाचे बोट फिरवा, पुरी दुमडा, आतील हवा हलकेच बाहेर काढा आणि कडा घट्ट दाबा. मग दातेरी कातण फिरवून कडा कापा. तयार करंज्याही ओल्या कापडाखाली ठेवा. त्या वाळल्या तर त्यांना भेगा पडतात.

तळताना आच मध्यम हवी. तेल फार तापले, तर करंजी बाहेरून लाल होते आणि आतून कच्ची राहते. तेल कमी तापले, तर ती तेलकट होते. हे काम मोठ्यांच्या सोबतीनेच करा. करंज्या पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा. नाही तर वाफेने त्या मऊ पडतात.

अशी भरलेली मिठाई जगात अनेक ठिकाणी होते. गोव्यात नाताळला नेवरी करतात. उत्तर भारतात होळीला खव्याची गुजिया करतात. अरब देशांत ईदला खजूर भरलेले 'मामूल' भाजतात. पूर्व युरोपातील यहुदी कुटुंबे 'रुगेलाख' करत. ती अमेरिकेत गेल्यावर तिच्या पिठात लोणी व मऊ क्रीम चीज घालण्याची पद्धत आली. तिथे त्यांचा स्निग्ध अंश आपल्या मोहनाचेच काम करतो.

सण वेगळे, नावे वेगळी. पण हातांची काळजी सगळीकडे सारखीच. यंदा शेजारून करंजीचे ताट आले, की ते रिकामे परत पाठवू नका. तुम्ही केलेल्या चार करंज्या त्यात ठेवून पाहा!

शब्दार्थ
सारण – आत भरायचे मिश्रण
आच – विस्तवाची उष्णता
चिवट – सहज न तुटणारे
स्निग्ध – तेलकट, तुपकट

स्वाध्याय
1. मोहन कमी किंवा जास्त झाल्यास काय होते?
2. करंजी फुटण्याची दोन कारणे लिहा.
3. तुमच्या घरी ईदला होणाऱ्या एखाद्या पदार्थाची कृती मराठीत लिहा.