घरची कचेरी आणि खेड्यांतील दूरध्वनि

कचेरी म्हटली कीं ती घराबाहेर, आणि घर म्हटलें कीं कचेरी सुटल्यावर परतावयाचें ठिकाण, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. मार्च २०२० मध्यें देशभर टाळेबंदी झाली आणि ही समजूत मोडली. पुण्यामुंबईकडील पुष्कळ मंडळी पुढें गांवीं परतली व त्यांच्या मागोमाग त्यांच्या कचेऱ्याहि घरांत शिरल्या. टाळेबंदी उठली, तथापि घरून काम करण्याची चाल पुरती गेली नाहीं. ज्या कुटुंबांत एखादा मुलगा किंवा सून खेड्यांतील घरीं राहून शहरांतील नोकरी करूं इच्छीत असेल, तेथील वडीलधाऱ्यांस आमचा अनुभव उपयोगी पडेल, असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

आमचें घर राजापूर तालुक्यांत आहे. भिंती जांभ्या दगडाच्या, दीड हात रुंद. पुढें पडवी व ओटी, मध्यें माजघर, मागें स्वयंपाकघर. २०२३ च्या मे महिन्यांत आमच्या धाकट्या चिरंजीवांची बदली तालुक्याच्या गांवीं झाली. सूनबाई पुण्यांतील एका कंपनीचे हिशेब पाहतात. वरिष्ठांनीं त्यांना गांवाहून काम करण्याची परवानगी दिली. मात्र ती तीन महिन्यांच्या कसोटीवर. काम नीट चाललें तर मुलें, नातवंडें आमच्यापाशीं राहणार. न चाललें तर पुन्हां दोन बिऱ्हाडें.

ओटीवर येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ. तेव्हां सूनबाईंचें टेबल माजघरांत असावें असें आम्हीं ठरविलें. कोणास विचारलें नाहीं. पहिल्याच आठवड्यांत त्यांचें बोलणें मध्येंच तुटूं लागलें. पुण्याहून त्यांचें नांव पुकारलें जाई आणि इकडून उत्तर पोंचत नसे. आम्हीं सारा दोष टॉवरास दिला व सुवाच्य अक्षरांत एक तक्रारअर्जहि लिहून ठेवला. जूनच्या अखेरीस एके दिवशीं भर पावसांत सूनबाई खळ्यांत छत्री धरून बोलत उभ्या असलेल्या दिसल्या. ‘घरांत जागा नाहीं का?’ असें आम्हीं जरा रागानेंच विचारलें. त्या म्हणाल्या, ‘अण्णा, घरांत जागा आहे, रेंज नाहीं. तुम्ही माजघर सांगितलेंत, म्हणून तेथें बसलें.’

अर्ज आम्हीं त्याच दिवशीं फाडला, आणि नातवास बरोबर घेऊन वही-पेन्सिलीसह घराची मोजणी केली. मोबाईलवरील दांड्यांवर फारसें विसंबूं नये. बहुतेक मोबाईलांत सेटिंग्जमध्यें फोनविषयीं माहिती असते, तेथें सिमच्या सदराखालीं लहरींची शक्ति आंकड्यांत मिळते. हा आंकडा ऋण असतो; म्हणून वजा ९८ हा वजा ११८ पेक्षां चांगला. या मापाचें गणित असें कीं, १० चा फरक म्हणजे दसपट आणि २० चा फरक म्हणजे शंभरपट. आमच्या माजघरांत वजा ११८ भरले. ओटीच्या पश्चिमेकडील खिडकींत वजा ९८. अवघ्या दहा पावलांत शक्ति शंभरपट झाली!

याचें कारण भिंतींत आहे. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंनीं अदृश्य लहरी भिंतीपार पाठवून घंटा वाजविली, हें आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितलें असेल. परंतु लहर भिंतीपार जाते म्हणजे ती क्षीण होत नाहीं असें नव्हे. रुंद आणि त्यांतून पावसानें भिजलेली भिंत लहरींचा पुष्कळ अंश गिळते. पत्रा तर त्यांना परतवूनच लावतो. तसेंच ७००, ८५० वा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर पोंचतात व भिंतींतून बऱ्या पार होतात. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी माहिती पुष्कळ वाहतात, पण झाडी आणि भिंती यांपुढें लवकर थकतात.

म्हणून सिम निवडतांना शहरांतील कीर्तीवर जाऊं नये. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून निरनिराळ्या कंपन्यांचे मोबाईल क्षणभर मागून घ्यावे आणि कामाच्या नेमक्या जागीं, सकाळीं अकरास व रात्रीं आठास, लावून पाहावे. जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवतां येतो. तेव्हां जुन्या नंबराच्या मोहानें वाईट रेंज सोसण्याचें कारण नाहीं.

नंतर जुना पण धड असलेला एक मोबाईल या कामासाठींच वेगळा काढावा, म्हणजे कोणाचा फोन आला असतां काम अडत नाहीं. तो टॉवराच्या दिशेच्या खिडकींत, उन्हापावसापासून जपून ठेवावा आणि त्याचा हॉटस्पॉट चालू करावा. आमच्या शास्त्रकारांचा देहलीदीपन्याय येथें तंतोतंत लागू पडतो. उंबऱ्यावरचा दिवा जसा घर आणि अंगण दोहोंस उजेड देतो, तसा खिडकींतील मोबाईल बाहेरून घेतो व आंत देतो. काम करणाराचें टेबल मात्र त्याच खोलींत असावें. चित्रासह बैठक तासाला एक जीबीपर्यंत माहिती खाऊं शकते. नुसत्या आवाजावर ती थोडक्यांत भागते. म्हणून रेंज खालावली कीं आधीं चित्र बंद करावें.

रेंज वाढविणारें यंत्र बसवून देतों म्हणून कोणी येतात. परवान्यावांचून असें यंत्र लावणें बेकायदेशीर आहे, आणि त्यानें शेजाऱ्यांची रेंजहि बिघडते. त्या वाटेस जाऊं नये. त्यापेक्षां गांवांत फायबर आली आहे का, याची चौकशी करावी. ग्रामपंचायतींपर्यंत कांचतंतु नेण्याच्या सरकारी योजनेस २०११ सालीं मंजुरी मिळाली. तिचेंच पुढें भारतनेट झालें. घरीं फायबर असल्यास वाय-फाय कॉलिंग चालू करावें, म्हणजे रेंज नसलेल्या माजघरांतहि नेहमींच्या नंबरावर बोलतां येतें. आमच्याकडे फायबर २०२४ मध्यें आली. तथापि वादळांत फांदी पडली कीं ती तुटते; म्हणून खिडकींतील मोबाईल आम्हीं काढलेला नाहीं.

विजेचा हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. निम्मीच धरली तरी ९००. लॅपटॉप आणि राउटर मिळून ७५ वॅट घेत असतील, तर इन्व्हर्टरवर बारा तास निघतात. पंखे व दिवे त्यावर घातले कीं मात्र हें गणित चुकतें. गडगडाट सुरू होतांच राउटरचा प्लग भिंतींतून काढावा. कांचेच्या तंतूंतून वीज येत नसली तरी तारेंतून येते.

आतां उरली घरची व्यवस्था. ओटीवरील ती पश्चिमेची खिडकी म्हणजे आमच्या आरामखुर्चीची जागा. निवृत्त झाल्यापासून तेथेंच आमचें वर्तमानपत्र, तेथेंच आल्यागेल्याशीं बोलणें. खुर्ची पडवींत नेतांना मन थोडें कचरलें, हें कबूल केलें पाहिजे. पण ती नेली. दहा ते सहा ओटी सूनबाईंची. तेवढ्या वेळांत त्यांना हाक मारावयाची नाहीं, असें आमच्या सौभाग्यवतींनींच घरांत सर्वांस बजावलें. घरीं बसलेली सून मोकळी आहे, ही समजूत सर्वांत उशिरां सुटली, आणि ती आमची स्वतःचीच होती. दुपारचा चहा आतां आम्ही करतों. प्रारंभीं तो पाणचट होई. हल्लीं तक्रार नाहीं.

सप्टेंबरांत वरिष्ठांचें पत्र आलें आणि परवानगी कायम झाली. नातवाचें नांव गांवच्याच शाळेंत राहिलें. या लेखांतील आंकडे प्रत्येक घरीं निराळे निघतील. ते वाचकांनीं आपले आपण मोजावे. परंतु मोजणीपूर्वीं एक करावें. ज्याला अथवा जिला काम करावयाचें आहे, तिला ‘तुला कोठें बसावयाचें आहे?’ एवढें विचारावें. आम्हीं तें मे महिन्यांतच विचारलें असतें, तर पावसांत छत्री धरून उभें राहण्याची वेळ तिच्यावर आली नसती.