उघडलेली वही मिटा

समजा, वळसंगच्या एखाद्या शाळेतील गुरुजींनी मुलांच्या हजेरीसाठी संगणकावर पायथन भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो बरोबर चालतो की नाही, हे दरवेळी हाताने कुठे तपासत बसायचे? म्हणून त्यांनी आपोआप चालणाऱ्या चाचण्याही लिहिल्या. चालवून पाहिल्या. सगळ्या पास! पण पडद्यावर एक ओळही उमटली: ‘रिसोर्स वॉर्निंग, अनक्लोज्ड फाइल’. म्हणजे फाइल उघडली, पण मिटायची राहिली.

गुरुजी म्हणतील, “रोज प्रोग्राम चालवतो, तेव्हा ही ओळ कधी दिसली नाही. चाचणीतच काही खोट असेल.” तसे नाही बरं का. ही सूचना पायथनमध्ये 2011 साली, 3.2 या आवृत्तीत आली. एरवी ती झाकलेली असते. ‘युनिटटेस्ट’ने चाचण्या चालवल्या की उघडी पडते. दोष जुनाच, दिसला आज.

आता, फाइल न मिटल्याने बिघडते काय? आपण लिहिलेला मजकूर लगेच फाइलीत जात नाही. तो आधी मेमरीत साठतो. आपण पाटीवर टिपून मग वहीत उतरवतो ना, तसा. फाइल मिटताना उरलेसुरले वहीत उतरते. त्याआधीच प्रोग्राम अचानक बंद पडला, तर त्या दिवसाची हजेरी गेली! पायथन बहुधा मागाहून फाइल स्वतःच मिटतो. पण केव्हा मिटेल, याची हमी नाही. शिवाय एका प्रोग्रामने एका वेळी किती फाइली उघड्या ठेवाव्यात, यालाही मर्यादा असते. लिनक्सवर ती बहुधा 1024 असते. ती भरली की पुढची फाइल उघडत नाही आणि काम अडते.

उपाय सोपा आहे. फाइल ‘विथ’ या शब्दाने उघडावी. मग तेवढे काम संपताच, मध्येच चूक झाली तरीसुद्धा, फाइल मिटली जाते. कोणती फाइल राहिली हे सापडत नसेल, तर ‘ट्रेसमॅलॉक’ चालू करून चाचण्या पुन्हा चालवा. 3.6 या आवृत्तीपासून, फाइल जिथे उघडली ती ओळच सूचनेबरोबर दिसते.

काहीजण सूचनाच बंद करून टाकतात. तसे करू नका. मुलगा पास झाला, तरी समासातला लाल शेरा आपण वाचतोच की नाही? हा शेराही वाचा, आणि उघडलेली वही मिटा.