दावे अनेक, सुनावणी एक

कज्जा एकच असतो, परंतु त्याचे दावे पुष्कळदा दोन-तीन होतात. समजा, नोएडातील एका गृहस्थाने घर विकण्याचा करार केला आणि पुढे व्यवहार फिसकटला. खरेदीदार खरेदीखत मिळावे म्हणून दावा लावतो. विक्रेता करार रद्द ठरवून ताबा परत मागतो. करारपत्र तेच, पावत्या त्याच, साक्षीदारही तेच. अशा दाव्यांची चौकशी वेगवेगळी झाली, तर साक्षीदारांना दुप्पट हेलपाटे आणि पक्षकारांना दुप्पट खर्च पडतो. शिवाय दोन निकाल परस्परविरोधी लागण्याचे भय असते.

ह्यावर उपाय म्हणजे दाव्यांचे एकत्रीकरण. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या मूळ मजकुरात त्यासाठी स्वतंत्र तरतूद नाही. कलम १५१ च्या अंगभूत अधिकारात न्यायालय तसा हुकूम देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट केले. उत्तर प्रदेशाने मात्र १९७६ च्या दुरुस्तीने संहितेत आदेश ४-अ घातला. नोएडाची स्थापनाही त्याच वर्षीची. ह्या आदेशानुसार एकाच न्यायालयात प्रलंबित असलेले दावे एकत्र चालवता येतात आणि एकातील पुरावा दुसऱ्यातही विचारात घेता येतो. दावे निरनिराळ्या न्यायालयांत असतील, तर आधी ते एका ठिकाणी वर्ग करून घ्यावे लागतात.

ह्याच तत्त्वाचे मोठे उदाहरण नोएडा परिसरातच घडले. ते दावे नव्हते, रिट याचिका होत्या. पण प्रश्न तोच होता. १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील तातडीचे कलम लावून सरकारने शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या आणि हरकती ऐकण्याची पायरी वगळली. शेकडो याचिका दाखल झाल्या. निरनिराळ्या खंडपीठांचे निर्णय परस्परांशी जुळेनात. एकीकडे जमीन गेलेले शेतकरी, दुसरीकडे आयुष्याची बचत सदनिकेत घातलेली कुटुंबे. अखेर अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पूर्ण पीठाने सर्व याचिका एकत्र ऐकल्या आणि २१ ऑक्टोबर २०११ रोजी निकाल दिला. तीन गावांतील संपादन रद्द झाले. इतरत्र बांधकामे उभी राहिली होती. तेथे संपादन कायम ठेवून शेतकऱ्यांना ६४.७ टक्के वाढीव मोबदला आणि मर्यादेच्या अधीन १० टक्के विकसित भूखंड देण्याचा आदेश झाला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

वाचकहो, ह्यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी: सुनावणी एक झाली, म्हणून सर्वांना एकच निकाल मिळतो असे नाही. प्रत्येक दाव्याचे स्वतंत्र अस्तित्व टिकून राहते. म्हणून निकालानंतर आपल्या प्रत्येक दाव्याचा हुकूमनामा वेगळा पाहावा. एकावर अपील करून दुसरा तसाच सोडल्यास, तो अंतिम ठरून अपिलाच्या आड येऊ शकतो. मुदत संपण्यापूर्वी वकिलांना हा प्रश्न अवश्य विचारावा.

आणि त्याहून आधीची खबरदारी अशी, की पहिल्याच तारखेला वकिलांना त्याच मालमत्तेबाबतचे सर्व दावे, त्यांचे क्रमांक आणि न्यायालये लेखी कळवावीत. न्यायालयाला जे ठाऊकच नाही, ते एकत्र करता येत नाही.