नवा इयरफोन रुळतो की कान रुळतो?

नवी वस्तू रुळेपर्यंत धीर धरावा, ही घराघरांतली जुनी रीत आहे. नवा माठ दोन-चार दिवस पाणी भरून रिता केल्यावाचून त्यातले पाणी कोणी पीत नाही. बिडाचा तवा तेल पिऊन काळा होईपर्यंत त्यावरचे घावन सुटत नाही. नवी मोटारसायकल पहिले काहीशे किलोमीटर बेताच्या वेगाने चालवावी, असे तिच्या पुस्तिकेतच छापलेले असते. त्यामुळे इयरफोन विकणारा जेव्हा सांगतो, ‘शंभर तास वाजू द्या, मग आवाज खुलेल’, तेव्हा ग्राहकाला त्यात काही वावगे वाटत नाही. या प्रकाराला बाजारात ‘ब्रेक-इन’ किंवा ‘बर्न-इन’ म्हणतात. कोणी पन्नास तास सांगतो, कोणी दोनशे. काही हौशी लोक तर रात्रभर इयरफोनमधून नुसती खरखर वाजवत ठेवतात.

आज कानाच्या आत बसणारा इयरफोन ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुकानात फोनवरचे व्यवहार, मुलांचा ऑनलाइन अभ्यास, प्रवासातले गाणे, आजी-आजोबांचे प्रवचन-श्रवण या साऱ्यांसाठी तो घरात असतो आणि कित्येक घरांत माणशी एक असतो. म्हणून ‘रुळवण्याच्या’ या समजुतीत तथ्य किती, हे पारखून घेणे पैशाच्या दृष्टीनेही योग्य आणि त्याहून अधिक कानांच्या दृष्टीने.

पहिल्या दिवशी काय ऐकू येते

साध्या, कानाच्या तोंडाशी टेकणाऱ्या इयरफोनची सवय असलेल्या माणसाने आत बसणारा इयरफोन प्रथमच लावला, की बहुधा त्याचा विरस होतो. कोणाला आवाज दबका वाटतो, कोणाला ‘स’ आणि ‘श’ टोचतात, कोणाला तबल्यातला डग्गा हरवल्यासारखा वाटतो. स्वतःचे बोलणे घागरीत तोंड घालून बोलल्यासारखे घुमते. चालताना पावलांचे धक्के आणि खाताना दातांचा आवाज ऐकू येतो. आठ-दहा दिवसांनी हाच माणूस सांगू लागतो की आवाज आता मोकळा झाला, खर्ज भरून आला. त्याचा अनुभव खोटा नसतो. प्रश्न एवढाच, की त्या आठ दिवसांत बदलले ते नेमके काय?

यंत्राच्या पोटात

इयरफोनमध्ये ध्वनी निर्माण करणारी रचना मुख्यत्वे दोन प्रकारची असते. पहिल्या, म्हणजे डायनॅमिक प्रकारात चुंबकाच्या क्षेत्रात बारीक तारेचे वेटोळे असते आणि त्याला जोडलेला पातळ पडदा मागेपुढे कंप पावतो. दुसऱ्या, म्हणजे बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारात चुंबकांच्या मध्ये तोललेली धातूची इवली पट्टी हलते आणि तिच्या हालचालीने पडदा कंपित होतो. हा दुसरा प्रकार श्रवणयंत्रांकडून संगीताकडे आला. अमेरिकेतील ध्वनिशास्त्रज्ञ मीड किलियन यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हा इयरफोन बाजारात आणला. कर्णनलिकेत खोलवर, घट्ट बसणाऱ्या आजच्या इयरफोनांच्या कुळातला तो एक मूळपुरुष होय.

रुळण्याची कल्पना आली ती मोठ्या लाउडस्पीकरवरून. त्यांच्या शंकूला कडेने आणि मागून धरून ठेवणारे लवचीक भाग पहिल्या वापरात थोडे सैल होतात आणि हा बदल उपकरणांनी मोजता येतो. इयरफोनचा पडदा मात्र काही मिलिमीटर व्यासाचा असतो आणि बंद कर्णनलिकेतली चिमूटभर हवा हलवायला त्याला अत्यल्प हालचाल पुरते. तिथे सैल होण्यासारखे फारसे काही नसते. डायनॅमिक प्रकारात सुरुवातीला किंचित फरक पडू शकेल. पण कर्कश इयरफोन गोड व्हावा इतका तो मोठा नसतो. आर्मेचर प्रकारात तर त्याला वाव आणखी कमी. शुअर या नामांकित कंपनीने १९९७ मध्ये आणलेले आपले ई१ इयरफोन भरपूर वापरानंतर पुन्हा मोजून पाहिले, तेव्हा त्यांची मापने नव्यासारखीच आली, असे कंपनीनेच सांगितले आहे. वस्तू ‘रुळल्यावर सुधारते’ असे म्हणणे विक्रेत्याच्या सोयीचे असताना उत्पादकाने दिलेली ही कबुली लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मग रुळते कोण?

मिरचीच्या किंवा हळदीच्या पेठेत प्रथमच पाऊल टाकणारा माणूस शिंकांनी बेजार होतो. तिथल्या गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र त्या वासाची जाणीवही नसते. माल तोच, हवाही तीच, नाक सरावलेले. श्रवणाचे तसेच आहे. ज्या आवाजाची सवय असते तोच मेंदूला ‘बरोबर’ वाटतो आणि नवा आवाज त्याच्याशी ताडून वेगळा, म्हणून सदोष ठरतो. काही दिवसांनी नवा आवाजच प्रमाण होतो आणि तेव्हा जुना इयरफोन लावला तर तोच बिघडल्यासारखा वाटतो. परिचयाने पसंती वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. नव्या इयरफोनच्या बाबतीतही याच नियमाचा प्रत्यय येतो.

त्यात भर पडते ती आवाजाच्या पातळीची. दोन इयरफोनांत एक किंचितही मोठा वाजत असेल, तर ऐकणाऱ्याला तो ‘मोठा’ न वाटता ‘अधिक चांगला’ वाटतो. शिवाय हळू आवाजात मानवी कानाला खर्ज मुळातच कमी जाणवतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजमापांनिशी मांडले होते. पहिल्या दिवशी हळू आणि आठव्या दिवशी मोठ्याने ऐकले, तर खर्ज भरून आल्यासारखा वाटणारच. दोन माल ताडून पाहायचे तर तराजू आणि वजने एकच हवीत, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तोच न्याय इथेही लावला पाहिजे: गाणे एक, फोन एक आणि आवाजाची जाणवणारी पातळीही एक.

वायरलेस इयरफोनचा एक अपवाद इथे नोंदवला पाहिजे. त्यांचा आवाज आतल्या सॉफ्टवेअरवरही अवलंबून असतो. नवे अपडेट आल्यावर किंवा अ‍ॅपमधली मांडणी बदलल्यावर आवाज खरोखर बदलू शकतो. पण त्याचा तास मोजण्याशी संबंध नसतो.

खरा बदल टोपीत

आठ दिवसांत आणखी एक गोष्ट बदलते आणि ती सर्वांत महत्त्वाची: इयरफोन कानात बसवण्याची रीत. आत बसणाऱ्या इयरफोनचा खर्ज कर्णनलिका किती घट्ट बंद होते यावर ठरतो. टोपी आणि कातडी यांच्यात बारीकशी फट राहिली, तरी खालचे स्वर त्या वाटेने निसटतात आणि उरतो तो पोकळ, चिरका आवाज. पहिल्या दिवशी बोटांना ही कला अवगत नसते. आठव्या दिवशी ती नकळत साधते. श्रेय मात्र मिळते ते यंत्राच्या रुळण्याला.

ही कला आठ दिवसांऐवजी दहा मिनिटांत साधता येते. खोक्यात सिलिकॉनच्या टोप्या बहुधा लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन मापांत असतात. आधीच लावलेली मधली टोपीच सर्वांना योग्य असते असे नाही. उजव्या आणि डाव्या कानाचे मापही नेहमी सारखे नसते. दोन कानांना दोन मापे लागली तर त्यात गैर काही नाही. बसवताना दुसऱ्या बाजूचा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी हलकेच वर व मागे ओढावी, म्हणजे कर्णनलिका सरळ होते. मग इयरफोन किंचित फिरवत आत सरकवावा. फोमची टोपी असेल तर ती चिमटीत वळून बारीक करावी, आत ठेवावी आणि फुगून बसेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावी. बाहेरचा गलबला मंदावला, स्वतःचा आवाज घुमू लागला आणि डग्गा भरदार वाजला, की टोपी बसली असे समजावे. दुखेल इतके आत मात्र ढकलू नये; त्याने मळ आत सरकतो आणि नलिकेला इजाही होऊ शकते.

पुढे कधी एका बाजूचा आवाज बारीक झाला, तर प्रथम जाळीत अडकलेल्या मळाचा संशय घ्यावा. टोपी काढून कोमट पाण्याने धुवावी, पूर्ण वाळवावी आणि जाळी कोरड्या मऊ ब्रशने साफ करावी. एकाचा इयरफोन दुसऱ्याने न वापरणे बरे. वापरावा लागलाच तर टोपी बदलावी.

शंभर तासांचा हिशेब

आता या समजुतीची व्यवहारातली किंमत पाहू. रोज दोन तास ऐकणाऱ्याला शंभर तास भरायला पन्नास दिवस लागतात, दोनशे भरायला शंभर दिवस. माल परत घेण्याची मुदत बहुतेक ठिकाणी आठ-दहा दिवसांची असते आणि खोके उघडलेले इयरफोन स्वच्छतेच्या कारणाने अनेक दुकाने परतच घेत नाहीत. म्हणजे ‘रुळू द्या’ हा सल्ला मानणाऱ्या ग्राहकाचा परतीचा हक्क आवाज खुलण्याची वाट पाहण्यातच संपतो. वॉरंटी त्यानंतरही असते, पण ती बिघाडासाठी; नापसंतीसाठी नव्हे. विकणारा दर वेळी फसवायलाच हे सांगतो असे नाही. पुष्कळदा त्याचाही त्यावर विश्वास असतो. परंतु विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीनेही गल्ला रिकामा होतो.

म्हणून खरेदीपूर्वीच परतीच्या अटी विचाराव्यात आणि त्या पावतीवर लिहून घ्याव्यात. पहिल्या दोन दिवसांत सर्व टोप्या लावून पाहाव्यात. पाठ असलेली तीन-चार गाणी निवडावीत: एखाद्यात तानपुऱ्याची आस, एखाद्यात डग्ग्याची घुमक, एखाद्यात ओळखीचा गळा. पुढचे चार-पाच दिवस रोज बेताच्या आवाजात तीच ऐकावीत, म्हणजे कानाला सरावायला वाव मिळतो. एवढ्यानेही ‘स’ टोचतच असेल, नलिका दुखत असेल किंवा अर्ध्या तासात डोके जड होत असेल, तर पन्नास दिवसांनीही त्यात फारसा फरक पडणार नाही. तो इयरफोन मुदतीत परत करावा.

कानाला दुसरा जोड नाही

पैशाचे नुकसान भरून निघते. दुसरे नुकसान निघत नाही. टोपी नीट बसलेली नसते, खर्ज हरवतो, रस्त्याचा आणि गाडीचा गोंगाट आत शिरतो. मग माणूस आवाज वाढवतो आणि सारखा वाढवत राहतो. ‘अजून रुळायचा आहे’ या समजुतीने तो टोपीकडे पाहतच नाही. अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी एका कानात सुमारे पंधरा हजार असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत आणि त्यांचे मरणे सुरुवातीला जाणवतही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल पातळीचा आवाज ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबलचा ४० तास, अशी सुरक्षित श्रवणाची मर्यादा सांगितली आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते: ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास आणि ९० च्या घरात गेल्यावर सारा आठवडा मिळून जेमतेम चार तास. चक्रवाढीचा हिशेब ज्यांच्या बोटांवर असतो, त्यांना या उतरणीची गती समजावून सांगायला नको. अनेक फोनांत आवाजाला कमाल मर्यादा घालण्याची सोय असते. मुलांच्या फोनवर ती आजच लावावी. ऐकल्यानंतर कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा समोरच्याचे बोलणे दबके वाटत असेल, तर तो इशारा मानून कानांना विश्रांती द्यावी. हे वारंवार घडले तर डॉक्टरांकडे जावे.

नीट बसलेल्या टोपीचा मोठा लाभ तो हाच. बाहेरचा गोंगाट तीच अडवते, त्यामुळे हळू आवाजातही बारकावे ऐकू येतात. अर्थात बाहेरचे ऐकू न येणे रस्त्यावर धोक्याचे असते. दुचाकीवर, रस्ता ओलांडताना आणि रेल्वेच्या फलाटावर इयरफोन खिशातच असावा. दुकानात गिऱ्हाईक पायरी चढत असता गल्ल्यावरच्या माणसाच्या कानात तो नसावा, हे तर ओघानेच आले.

नव्या इयरफोनला शंभर तासांच्या खरखरीची गरज नाही. त्याला योग्य मापाची टोपी, बेताचा आवाज आणि चार-पाच दिवसांचे सावध ऐकणे एवढेच पुरते. तेवढ्यात तो कानाला मानवला तर ठेवावा, नाही तर पावती काढावी.